ओसरीवरून : काळी माती आणि गाडीचे चाक

गेल्या खेपेस या सदरात वर्षाचे धान्य भरून ठेवताना घ्यावयाच्या काळजीविषयी लिहिले होते. या खेपेचा विषय ऐकून आमच्या घरातच हशा झाला. "मासिक कुटुंबाचे, सदर संसाराचे, आणि तुम्ही लिहिणार टायरांवर!" असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे नाही. परंतु आज यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी या बाजूस आपल्या ओळखीच्या पुष्कळ घरांच्या अंगणात मोटार उभी असते, आणि त्यांतील पुष्कळांची थोडीबहुत शेती अजून खेड्यावर आहे. त्या शेताच्या बांधापर्यंत डांबर जात नाही. तेथे जाते ती पांदण. मोटार घेताना आपण तिचा रंग पाहतो, बैठक पाहतो, भाव तर पाहतोच पाहतो. पण जमिनीला जे खरोखर टेकते, त्या चाकाकडे पाहण्याचे भान सहसा कोणास राहत नाही. मलाही ते नव्हते. ते कसे आले हे प्रथम सांगतो.

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमचे वडिलार्जित शेत दिग्रस तालुक्यात, अरुणावतीच्या खोऱ्यात आहे. ते पुतण्या पाहतो. मी नोकरीतून मोकळा झाल्यापासून यवतमाळास असतो व महिन्यातून एकदोन वेळा तिकडे जाऊन येतो. पुतण्याने आदल्या वर्षी एक वापरलेली बोलेरो घेतली. तिची मूळची चाके साध्या पोलादी पत्र्याची, काळ्या रंगाची, आणि त्यांवरील टायर २१५/७५ आर १५ या मापाचे होते. पुतण्यास ती चाके दरिद्री दिसत. शहरातील एका दुकानदाराने त्याला मिश्रधातूची चकचकीत, बाहेर निघालेली चाके आणि त्यांवर २३५/७५ आर १५ या मापाचे रुंद टायर दाखविले, जुनी चार चाके बदल्यात ठेवून घेतली, आणि गाडी आता कोठेही जाईल असे आश्वासन दिले. पुतण्याने ते मला ऐकविले. मला त्यातले काही कळत नव्हते. तथापि गाडी भरदार दिसू लागली होती हे खरे, आणि दिवाळीची भेट म्हणून निम्मे पैसे मीच दिले. हे एवढ्यासाठी सांगतो की, पुढे जे घडले त्यात माझाही वाटा आहे.

त्या दिवशी सायंकाळी पाचाच्या सुमारास बांधावर गवत कापताना आमच्या सालदाराच्या पायाला घोणस डसला. शेतापासून डांबरी सडक पावणेतीन किलोमीटर. दोन दिवसांची झड नुकतीच उघडली होती. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको. चैत्रवैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते व डिंकासारखी चिकट होते. चार पावले चालावे तो पायतणाला शेरभर माती लागते. अशा पांदणीत पुतण्याने गाडी घातली. दीडशे पावले गेली नसेल, तोच टायरांच्या खाचा मातीने भरून गेल्या आणि टायर म्हणजे नुसते गुळगुळीत काळे लोळे होऊन बसले. रुंद टायर आणि वरील पत्रा यांच्यामध्ये मोकळी जागा थोडी उरली होती, तीत माती ठासून बसली व मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. ढकलून, दगड घालून, पळसाच्या फांद्या अंथरून गाडी नाल्यापर्यंत नेली. तेथे मागे घेताना एका चाकाची कड दगडावर आपटली, तडकली, आणि पाचदहा मिनिटांत हवा गेली. सुटे चाक काढले, तो ते जुन्याच मापाचे! ते लावले तेव्हा मागील दोन चाके उंचीने कमीजास्त झाली आणि गाडी तेथेच आडवी बसली.

अखेर शेजारच्या शेतकऱ्याने आपली बंडी जुंपली. सालदाराला तीत निजवून सडकेवर आणले, तेथे १०८ ची रुग्णवाहिका येऊन उभी होती. पावणेतीन किलोमीटरांस दोन तास लागले. पैकी सव्वा तास आम्ही गाडीपाशी घालविला होता. प्रतिविष टोचून त्याला यवतमाळास हलविले. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर झाला होता, यंत्राने रक्त शुद्ध करावे लागले. तीन आठवड्यांनी तो घरी परतला. तो सव्वा तास वाचता तर हे टळले असते काय, हे डॉक्टरांनी खात्रीने सांगितले नाही. आणि खोदून विचारण्याचा धीर मला झाला नाही.

त्या रात्रीपासून एकच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. ज्या चिखलात लाखो रुपयांची मोटार बसली, त्यातून दोन बैलांची बंडी गेली कशी? बैलाचा वाटा त्यात आहेच. त्याचा दुभंगलेला खूर चिखलात पडताना फाकतो आणि उचलताना मिटतो, म्हणून तो सुटून येतो. पण दुसरा वाटा चाकाचा आहे. बंडीचे चाक आठवून पाहा: उंची माणसाच्या छातीपर्यंत, आणि जमिनीवर टेकणारी लोखंडी धाव जेमतेम दोनतीन बोटे रुंद. उंच आणि अरुंद! आपल्या जुन्या सुताराने पुस्तक वाचले नव्हते, तरी त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. उंच चाक धोंड्यावर किंवा खड्ड्याच्या कडेवर सहज चढते, कारण त्याला चढ सौम्य पडतो. आणि वर्षानुवर्षे तुडविलेल्या पांदणीत वीतभर चिखलाच्या खाली दाबून कठीण झालेला थर असतो. अरुंद चाक वरचा चिखल कापून त्या थरावर टेकते, रुंद चाक तो चिखल आपल्यापुढे लोटत बसते. वाळूत मात्र हे गणित उलटे होते. तेथे खाली टेकावयास थरच नाही, म्हणून उंटाचा पाय पसरट आणि राजस्थानात चालणाऱ्या गाड्यांना रुंद टायर हवेत. चित्रांत आणि जाहिरातींत आपल्या मुलांना दिसतात त्या गाड्या बहुधा वाळवंटातल्या असतात. दिग्रसच्या पांदणीचे चित्र कोण काढतो?

चाकाला संस्कृतात अवयववार नावे आहेत: मध्ये नाभि, तीतून निघणारे अर, बाहेरचा घेर तो नेमि, आणि तीवरील धातूची पट्टी ती पवि. हा शेवटचा शब्द ऋग्वेदातला आहे, म्हणजे लाकडी चाकाला धातूची धाव घालण्याची कल्पना किती जुनी ते पाहा. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी दिलीपाच्या प्रजेला नेमीची उपमा दिली आहे. पडलेल्या चाकोरीतून चाक जसे रेघभरही ढळत नाही, तशी ती प्रजा मळलेल्या मार्गावरून ढळत नसे. वर्गात हा श्लोक शिकविताना मी मुलांना पांदणीची चाकोरी दाखवीत असे, आणि शहरातून बदलून आलेल्या मुलांना ती ठाऊक नसे. कर्णाच्या रथाचे चाक रुतले त्याला शाप कारण झाला असे आपण वाचतो. त्या जागी माती कोणती होती हे व्यासांनी सांगितले असते तर बरे झाले असते!

धाव बसविण्याचा विधी ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरणे शक्य नाही. माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या अखेरीस सुताराच्या व लोहाराच्या दाराशी बंड्यांची रांग लागे. धाव चाकाहून किंचित लहान करीत. मग गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळात ती लाल होईतो तापवीत, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवीत आणि घणांनी ठोकून बसवीत. लाकडातून धूर निघे. लगेच घागरीने पाणी ओतीत. चर्रर असा आवाज होई, आणि धाव आवळली जाऊन सगळे सांधे कुरकुरत घट्ट बसत. लोखंड दर अंशाला सुमारे १२ दशलक्षांश वाढते. चौदा फूट घेराची धाव पाचशे अंश तापविली तर ती एक इंचभर वाढेल, असा हिशोब निघतो. लोहार तो हिशोब दोरीने मापून करीत असे. एक मात्र कबूल केले पाहिजे की, त्या धावेने सडकांचे फार हाल केले. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले, त्याचे उपकार पुढे बैलालाही लाभले; आज पोफाळीच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या टायरच्या गाड्या जितके ओझे वाहतात, तितके धावेच्या बंडीला झेपले नसते. पण त्या गाड्या सडकेच्या आहेत.

आता मोटारीकडे येतो. टायरच्या बाजूवर जे आकडे असतात ते बहुतेकांस कोडे वाटतात. वस्तुतः सातवीच्या मुलाला सुटेल असे ते उदाहरण आहे, फक्त परिमाणांची खिचडी केलेली आहे. २१५/७५ आर १५ यातील २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ७५ हे शेकडेवारीचे प्रमाण: टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे आतील दोर ज्यात आडवे, नाभीकडून बाहेर निघाल्याप्रमाणे असतात ती रेडियल बांधणी. आणि १५ हा लोखंडी चाकाचा व्यास, इंचांत! १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर, त्यात वर-खाली दोनदा १६१ मिळविले की एकंदर उंची सुमारे ७०३ मिलिमीटर, म्हणजे पावणेअठ्ठावीस इंच, येते. पुढे १०० एस असे काही लिहिलेले असते. १०० या अंकाचा अर्थ एका टायरला ८०० किलो भार सोसेल, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगापर्यंत तो सुरक्षित आहे.

हेच गणित पुतण्याच्या नव्या टायरांस लावले. २३५/७५ आर १५ ची उंची सुमारे ७३३ मिलिमीटर निघते. उंची ३० मिलिमीटर वाढली, त्यातील निम्मीच आसाखाली लाभते, कारण निम्मी आसाच्या वर असते; म्हणजे एवढा खर्च करून गाडी एक बोट उंच झाली. त्या मोबदल्यात काय गेले? दर फेऱ्याला गाडी शेकडा सव्वाचारने पुढे जाऊ लागली, त्यामुळे काटा ८० दाखवी तेव्हा खरा वेग ८३ च्या वर असे, आणि चढावर किंवा चिखलात इंजिनाची ओढ तितक्याच प्रमाणात उणी झाली. जड झालेल्या चाकाला थांबविण्याचे काम ब्रेकवर वाढले ते निराळेच.

मी लहान असताना वनखात्याच्या साहेबांची जीप आमच्या गावी येई. ती जीप मूळ अमेरिकेच्या विलिस कंपनीची, दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेली. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईस माझगावात ती जोडण्यास आरंभ केला. त्या जीपचे टायर ६.००-१६ मापाचे: रुंदी ६ इंच, आणि उंची सुमारे २८ इंच. आता आमच्या बोलेरोच्या मूळच्या टायराशी ताडून पाहा. उंची जवळजवळ तीच. रुंदी मात्र सहावरून साडेआठ इंचांवर गेली. सडका सुधारल्या, वेग वाढले, वळणावर पकड हवी, म्हणून ती वाढली आणि तिथवर ते योग्यच झाले. त्यावर आम्ही आणखी पाऊण इंच रुंदी विकत घेतली, ती पांदणीसाठी! २०२३ साली मारुतीची जिम्नी आली, तिला कारखान्याने १९५/८० आर १५ टायर दिले, म्हणजे आमच्याहून अरुंद. आणि ती चारही चाकांना ओढ असलेली, खास आडवाटेची गाडी आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यात जिप्सीतून वाघ पाहावयास जाणाऱ्यांनी एकदा खाली वाकून तिची चाकेही पाहावीत. तीही अशीच सडपातळ असतात.

पोलादी चाक घ्यावे की मिश्रधातूचे, या वादात मी मिश्रधातूची सर्वस्वी निंदा करणार नाही. ते हलके असते, सडकेवर गाडी त्याने मऊ चालते, आणि ज्यांची गाडी नागपूर-यवतमाळ मार्गापलीकडे जात नाही त्यांनी ते सुखाने वापरावे. पण दगडावर आपटल्यास पोलाद बहुधा वाकते आणि मिश्रधातू तडकतो. वाकलेली कड हातोड्याने ठोकून, हवा भरून निदान सडकेपर्यंत येता येते. तडकलेल्या चाकाला खेड्यात उपाय नाही. ठोकलेले चाक मात्र तसेच वर्षानुवर्षे चालवू नये, शहरात आणून ते सरळ फिरते की नाही हे पाहून घ्यावे, आणि भेग असल्यास डाग देऊन वापरण्याच्या फंदात पडू नये. पोलादाला गंजाची खोड आहेच. टायर जेथे चाकाला चिकटतो त्या काठाशी गंज चढला की ट्यूब नसलेल्या टायरची हवा नकळत जात राहते. पावसाळा सरल्यावर तो काठ घासून रंगवून घ्यावा. आणखी एक बाब: चाकाचा व्यास लहान असला तर बाजूचे रबर उंच राहते, व दगडाचा मार रबर सोसते. २०२० साली आलेल्या नव्या थार गाडीत कारखान्यानेच दोन्ही प्रकार ठेवले होते, पोलादी चाकावर २४५/७५ आर १६ आणि मिश्रधातूच्या चाकावर २५५/६५ आर १८. हिशोब केल्यास पहिल्यात बाजूचे रबर १८४ मिलिमीटर निघते, दुसऱ्यात १६६. दिसावयास दुसरे चाक दिमाखदार आहे हे खरे.

चाक बदलताना व्यास जुळला म्हणजे झाले, असे समजू नये. बोल्ट किती व ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास काय, मधले भोक केवढे, चाकाची रुंदी किती इंच, आणि ते आत किती बसते व बाहेर किती निघते, ही सारी मापे जुळावी लागतात. शेवटच्या मापाला दुकानदार ऑफसेट म्हणतात, आणि आमचा घात निम्मा त्यानेच केला. चाक बाहेर निघाल्यामुळे वळविताना टायर पत्र्याला घासू लागला होता. पोलादी व मिश्रधातूच्या चाकांचे नटदेखील पुष्कळदा निराळे असतात. जुन्या नटांनी नवे चाक आवळून निघालेला मनुष्य दैवावर भरवसा ठेवून प्रवास करीत असतो.

नक्षीविषयी फार लिहीत नाही. चिखलासाठी ठसे सुटे, खोल आणि मध्ये मोकळी जागा असलेले हवेत, म्हणजे फिरताना माती झटकली जाते. असे टायर सडकेवर आवाज करतात व लवकर झिजतात. ज्यांना दोन्ही वाटा आहेत त्यांनी मधला प्रकार घ्यावा. कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरांपेक्षा कमी नसाव्यात, पण तेवढ्यावर पांदणीत कोणी जाऊ नये. टायरवरील शेवटचे चार अंक वाचावयास शिकावे. २३१९ असे असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. आपल्याकडील उन्हात उभ्या उभ्यादेखील रबर कडक होते, म्हणून नवा म्हणून मिळालेला टायर खरोखर केव्हाचा आहे ते पाहूनच पैसे मोजावेत.

आणि हवा! आम्हाला त्या सायंकाळी हे ठाऊक असते तर कदाचित गाडी निघालीही असती. तीस-बत्तीस पौंड हवा वीस-बावीसवर आणली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि पकड वाढते. याहून फार कमी करू नये, नाहीतर वळताना टायर चाकावरून निसटतो. आणि सडकेवर येताच पंपाने पुन्हा भरावी. पायाने चालविण्याचा पंप गाडीत ठेवणे हा यावरील स्वस्त इलाज आहे.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. कारखान्याने नोंदविल्यापेक्षा गाडीची रचना बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ करताना सांगितले आहे. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत जी मापे दिलेली असतात, त्यांच्या बाहेर गेल्यास दंडाचे भय आहे आणि अपघाताच्या वेळी विम्याची अडचण येऊ शकते. दुकानदार हे आपण होऊन बोलत नाही.

या वैशाखात पुतण्या स्वतःच म्हणाला, "काका, जुन्या मापाची पोलादी चाके परत घालू." मी हो म्हटले, आणि या वेळचेही निम्मे पैसे दिले. शिवाय असे ठरले की, मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडी पांदणीत घालावयाचीच नाही. ती सडकेच्या कडेला बाभळीखाली उभी राहील, आणि शेतावर एक बंडी जुंपण्याजोगी ठेवावयाची. सालदार आता कामावर येतो, पण ओझे उचलताना थांबतो. बंडीची धाव सैल झाली होती. ती बसवून देणारा लोहार दोन गावे पलीकडे सापडला. मोटारीची चार चाके येऊन बसली आहेत. पाचवे, सुट्या चाकाच्या जागचे, त्याच मापाचे सांगितले आहे. ते अजून यावयाचे आहे आणि पुतण्या दर सोमवारी दुकानात विचारून येतो.